चित्र आधी सांगता आलं पाहिजे



दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्य येतं, म्हणजे वर्गात न शिकवलेला उतारा. मालाड पूर्वेला कुरारमधल्या एका अभ्यासिकेत मी मुलांकडून असे उतारे सोडवून घेते. पाणी, पक्षी, गडकिल्ले यांना मुलं सरावलेली असतात. उतारा व्यंगचित्रांवर असला, सोबत चित्र असलं, की हुशार मुलंही अडतात. 'चौकटी पूर्ण करा' जमतं, कारण उत्तर वाक्यात आयतं असतं. 'या चित्रातला विनोद स्पष्ट करा' असं मी विचारलं, की वहीत उमटतं : 'चित्रकाराने अतिशय मार्मिक विनोद केला आहे.' हे वाक्य कुठल्याही चित्राखाली खपेल. म्हणूनच मी त्याला गुण देत नाही.

व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांचं 'मोहिनी' मासिकाचं एक गाजलेलं मुखपृष्ठ घ्या. बसच्या थांब्यावर एक तरुण आणि एक तरुणी. तिच्या साडीवर मांजरांची नक्षी, त्याच्या शर्टावर उंदरांची. खाली अक्षरही नाही. चित्र तुमच्यासमोर नाही, तुम्ही रेडिओ ऐकताय, तरी आत्ता ओठांवर हसू आलं असेल.

न दिसणारं चित्र असं शब्दांत सांगणं, मी मुलांना हेच करायला लावते. एकाने चित्र पाहायचं, दुसऱ्याने पाठ फिरवून बसायचं, आणि पहिल्याने त्याला चित्र सांगायचं. 'एक मुलगा आणि एक मुलगी आहे.' पाठमोरा म्हणतो, बरं, मग? 'कपड्यांवर डिझाइन आहे.' कसलं? तेव्हा कुठे मांजर आणि उंदीर बाहेर येतात, आणि पाठमोरा खुदकन हसतो. तो ज्या तपशिलावर हसला, तिथे बोट ठेवायचं आणि लिहायला घ्यायचं : मांजर-उंदराचं नातं सगळ्यांना ठाऊक असतं, चित्रकाराने ते नक्षीतून त्या दोघांवर आणून ठेवलं, त्यामुळे कुणी काही न बोलताच त्यांच्यात गोष्ट सुरू झाली. उत्तर एवढंसंच, पण ते याच चित्राचं आहे, दुसऱ्या कशाचं नाही.

आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतल्या 'कॉमन मॅन'पाशी अडचण वेगळी. 'या माणसाचे मत लिहा' म्हटलं, की मुलं त्याचा संवाद शोधू लागतात. तो तर बोलतच नाही! चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, आणि तोंड मिटलेलं. 'टाइम्स ऑफ इंडिया'त वर्षानुवर्षं तो असाच उभा होता. बोलतात ते पुढारी, साहेब, कधी त्याची बायको. मग त्याचं मत शोधायचं कुठे? तो कुठे उभा आहे आणि कशाकडे बघतोय, तिथे. समजा, मंत्री रस्त्यांची वाखाणणी करतोय आणि हा खड्ड्याच्या काठावर उभा आहे. शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच दाखवतं. ही तफावत नेमकी लिहिली, की उत्तर झालं.

सरावासाठी मी स्वमताचाही प्रश्न जोडते : लेखापेक्षा व्यंगचित्र अधिक परिणामकारक असतं, असं तुम्हाला वाटतं का? 'होय' हेच अपेक्षित उत्तर, असं धरून मुलं पानभर कौतुक लिहितात. एका मुलीने मात्र 'नाही' लिहिलं. 'मार्मिक' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक १९६० साली निघालं; त्या जुन्या काळातलं एक राजकीय व्यंगचित्र तिने आजोबांकडे पाहिलं होतं. त्यातली माणसं कोण, भांडण कशाचं, तिला काहीच कळेना. आजोबांनी सगळी हकिगत सांगितल्यावर ती हसली. फडणीसांचं मांजर-उंदरांचं चित्र मात्र तिला कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. म्हणून तिने लिहिलं, की बातमीवरच्या व्यंगचित्राला मागची बातमी ठाऊक असलेला वाचक लागतो. लेख ती बातमी स्वतःबरोबर आणतो.

तिच्या आईने मला काळजीने विचारलं, ''ताई, 'नाही' लिहिलं तर गुण कापतील का हो?'' मी म्हटलं, स्वमतात होय-नाहीला गुण नसतात, कारणाला असतात. आणि तिने तर दोन चित्रं शेजारी ठेवून कारण दिलंय.