उघडे मस्तक, ताठ मान



मुनिसंघाचा चातुर्मास गावात असला आणि केशलोचाचा दिवस जाहीर झाला की सारा समाज मंडपात लोटतो. मुनिश्री बोटांना राख लावून स्वहस्ते आपल्या मस्तकावरील व मुखावरील केस उपटतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी केशलोच हा एक मूलगुण होय. दिगंबर परंपरेत तो दोन, तीन किंवा फार तर चार महिन्यांनी करावयाचा असतो. श्वेतांबर परंपरेतही संवत्सरीपूर्वी साधू-साध्वींचा लोच झालेला असतो. त्या केशरहित मस्तकापुढे लहानथोर सारे नतमस्तक होतात.

परंतु त्याच मंडपाच्या मागील रांगेत कपाळापर्यंत टोपी ओढून एखादा कुमार बसलेला असतो. एखादी कन्या डोक्यावरून पदर घट्ट धरून असते. त्यांच्या मस्तकावरील केस तपाने गेलेले नसतात, व्याधीने गेलेले असतात. ज्या समाजाने लोच झालेल्या मस्तकाला वंदन केले, तोच समाज या मस्तकाकडे पाहून कुजबुजतो. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी या विसंगतीचा विचार होणे उचित आहे. त्यासाठी प्रथम दूरच्या देशातील एका महाविद्यालयीन खेळाडूचे चरित्र पाहू.

चार्ली व्हिलानुएव्हा याचा जन्म २४ ऑगस्ट १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात झाला. त्याचे कुटुंब मूळचे डॉमिनिकन प्रजासत्ताकातील. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याचे केस झडू लागले. प्रथम मस्तकावर गोल चकत्या दिसल्या, पुढे डोक्यावरचे सारे केस गेले, भुवया गेल्या, पापण्याही गेल्या. शाळेतील मुलांच्या थट्टेला तोंड देणे त्या कोवळ्या वयात कठीण होते. तो टोपीखाली मस्तक झाकून वावरू लागला. ही गोष्ट मुद्दाम सांगावयाची, कारण धैर्यवान माणसांची चरित्रे वाचताना ती माणसे जन्मतःच धैर्यवान होती असा आपला समज होतो. चार्ली तसा नव्हता. तोही लपत होता.

या व्याधीला वैद्यकशास्त्रात ‘अॅलोपेशिया एरिआटा’ म्हणतात. आपल्या आजीबाई तिला ‘चाई’ म्हणत आणि आयुर्वेदात ‘इंद्रलुप्त’ हे नाव आहे. कीड केस खाते, ही जुनी समजूत खरी नव्हे. रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेल्या शरीराच्या रक्षक पेशी चुकून स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करतात आणि केस गळतात. मुळे बहुधा नष्ट होत नाहीत, म्हणून काहींचे केस पुन्हा येतात, पुन्हा जातातही. सर्व मस्तक केशहीन झाले तर त्या अवस्थेस ‘टोटॅलिस’ आणि सर्वांगावरचे केस गेले तर ‘युनिव्हर्सॅलिस’ असे म्हणतात. चार्लीची अवस्था या शेवटच्या प्रकारची. सुमारे दोन टक्के लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा ही व्याधी होते. ती स्पर्शाने पसरत नाही, एका कंगव्याने पसरत नाही, एका पंगतीत बसल्याने तर नाहीच नाही.

खेळाडूला मात्र तिचे काही विशेष त्रास असतात. भुवया नसल्या की कपाळावरचा घाम थेट डोळ्यांत उतरतो. पापण्यांचे केस नसल्याने धूळ अडत नाही. उघड्या मस्तकाला ऊन भाजते. आणि या सर्वांहून मोठा त्रास म्हणजे हजारो डोळ्यांसमोर खेळावे लागते. कचेरीत टोपी चालते, मैदानावर ती चालत नाही.

सन २००३ मध्ये चार्लीने कनेक्टिकट विद्यापीठात प्रवेश घेतला. सहा फूट अकरा इंच उंचीचा, भुवया नसलेला हा तरुण प्रशिक्षक जिम कॅलहून यांच्या बास्केटबॉल संघात उतरला तो उघड्या मस्तकाने. प्रतिस्पर्धी विद्यापीठांचे प्रेक्षक अशा खेळाडूला सोडत नाहीत. त्याने उत्तर दिले ते खेळाने. पहिल्याच वर्षी, ५ एप्रिल २००४ रोजी, सॅन अँटोनियो येथील अंतिम सामन्यात त्याच्या संघाने जॉर्जिया टेक संघाचा ८२-७३ असा पराभव करून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. सन २००५ मध्ये टोरांटोच्या व्यावसायिक संघाने त्याची सातव्या क्रमांकाने निवड केली आणि पदार्पणाच्याच हंगामात, २६ मार्च २००६ रोजी, मिलवॉकीविरुद्ध त्याने एकट्याने ४८ गुण नोंदविले. पुढे मिलवॉकी, डेट्रॉइट व डॅलस या संघांकडून तो २०१६ पर्यंत खेळला.

तथापि या गुणसंख्येहून मोठे कार्य मैदानाबाहेर झाले. अमेरिकेतील या व्याधीविषयीच्या राष्ट्रीय संस्थेचा तो प्रवक्ता झाला. ज्या शहरात सामना असे, तेथील केशहीन बालकांना तो भेटे, त्यांच्याशी बोले. ज्या मुलाने आपल्यासारखे मस्तक आरशाखेरीज कोठेच पाहिलेले नसते, त्याला ते हजारो लोकांच्या टाळ्या स्वीकारताना दिसते! कोणत्याही उपदेशाने जे साधले नसते ते या दर्शनाने साधले.

तो एकटाच नव्हता. इंग्लंडचा डंकन गुडह्यू दहा वर्षांचा असताना झाडावरून पडला आणि त्यानंतर त्याचे केस गेले. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात शिकत असताना तो त्या विद्यापीठासाठी पोहला आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक शर्यतीचे सुवर्णपदक त्याने जिंकले. इंग्लंडच्याच जोॲना राउसेल या सायकलपटूला बालपणापासून हीच व्याधी. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सांघिक शर्यतीचे सुवर्णपदक स्वीकारताना तिने मस्तक झाकले नाही. स्त्रीच्या बाबतीत जग अधिक कठोर असते, म्हणून तिचे ते उभे राहणे अधिक मोलाचे.

आता आपल्या धर्माकडे वळू. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चार्लीचे केशहीन मस्तक आणि मुनींचे लोच केलेले मस्तक एक नव्हेत. मुनी केसांचा त्याग करतात. चार्लीचे केस त्याला न विचारता गेले. त्याग ऐच्छिक असतो, व्याधी लादलेली असते. व्याधीला तप म्हणून गौरविणे हा रुग्णावर दुसरा अन्याय होईल, कारण त्यामुळे त्याला रडण्याचीही सोय उरत नाही. मात्र जे लादले गेले ते समभावाने सहन करणे, हे धर्माच्या कक्षेत निश्चितच येते. तत्त्वार्थसूत्रातील बावीस परीषहांत रोग हा परीषह आहे आणि लोकांचे कठोर शब्द म्हणजे आक्रोश हाही परीषह आहे. या खेळाडूने दोन्ही सोसले. सन २०१० मध्ये प्रतिस्पर्धी संघातील एका नामवंत खेळाडूने भर सामन्यात आपल्याला कर्करोगी म्हटले, असे चार्लीने जाहीर केले; त्या खेळाडूने, आपल्या शब्दांचा अर्थ तसा नव्हता, असे सांगितले. सत्य काहीही असो, परिपक्व वयात, कीर्तीच्या शिखरावरही त्या शब्दाचा व्रण उठला. मग आपल्या पाठशाळेतील दहा वर्षांच्या बालकाला ‘टकलू’ म्हणताना काय होत असेल?

सहन करणाऱ्याचे कर्तव्य शास्त्राने सांगितले, तसे पाहणाऱ्याचेही सांगितले आहे. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतील तिसरे अंग निर्विचिकित्सा, म्हणजे देहाच्या अवस्थेची किळस न करणे. राजा उद्दायनाची कथा याच अंगासाठी सांगितली जाते. रुग्ण मुनीच्या रूपाने आलेल्या देवाने त्याची परीक्षा पाहिली. दुर्गंध, वमन यांनी विचलित न होता राजाने सेवा केली. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात वर्णिलेल्या आठ मदांत देहाचाही मद आहे. सुंदर केशसंभार असणाऱ्याने हा मद ओळखावा आणि विवाहाच्या वेळी वधूवरांची पारख करणाऱ्यांनी तर अधिकच.

‘पूर्वकर्माचे फळ’ हे शब्दही जपून वापरावे लागतात. देहाची रचना नामकर्माने होते, दुःख असातावेदनीयाने येते, हे सिद्धांततः खरे. परंतु कर्मसिद्धांत हा स्वतःच्या परीक्षणासाठीचा आरसा आहे, शेजाऱ्याला ठोकण्यासाठीची काठी नव्हे. आजारी कन्येच्या मातेसमोर हे शब्द उच्चारणारा स्वतः कोणते कर्म बांधतो, याचा विचार त्याने करावा.

श्वेतांबर परंपरेतील चंदनबाळेची कथा येथे आठवावी. मूला शेठाणीने मत्सरापोटी तिचे मुंडन केले, पायांत बेड्या घालून कोंडले. आणि भगवान महावीरांचा अभिग्रह तर असा की, मुंडित मस्तकाच्या, बेड्या घातलेल्या, डोळ्यांत अश्रू असलेल्या राजकन्येच्या हातूनच आहार घ्यावयाचा. पाच महिने पंचवीस दिवसांनंतर तो आहार तिच्या सुपातील उडदाच्या बाकळ्यांनी झाला. देवकृपेने तिचे केस पूर्ववत झाले असे कथा सांगते, पण केव्हा? आहार झाल्यानंतर! भगवंतांनी केस येण्याची वाट पाहिली नाही. त्या मुंडित मस्तकाच्या कन्येचेच दान त्यांनी स्वीकारले, आणि पुढे तीच छत्तीस हजार साध्वींची प्रमुख झाली.

याचा अर्थ उपचार करू नयेत असा नाही. जून २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब या औषधाला प्रौढांमधील तीव्र व्याधीसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली, २०२३ मध्ये बारा वर्षांवरील रुग्णांसाठी रिटलेसिटिनिब हे औषध आले. ही औषधे सर्वांना लागू पडत नाहीत, बंद केल्यास केस पुन्हा गळू शकतात आणि संसर्गाचा धोका असल्याने ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात. ज्याला उपचार घ्यावेसे वाटतात त्याने घ्यावेत; ज्याला केसांचा टोप वापरावासा वाटतो त्याने तो निःसंकोच वापरावा. झाकणे हा दोष नव्हे. दोष आहे तो झाकावयास भाग पाडणाऱ्या नजरेचा.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाने एक छोटासा संकल्प करावा. आपल्या पाठशाळेत, क्रीडास्पर्धेत, पूजेच्या रांगेत असे मूल आले तर त्याला मागे बसवू नये, फोटोच्या वेळी कडेला सारू नये, सर्वांसमोर औषधे सुचवू नयेत. त्याचा अभ्यास कसा चालला आहे, तो कोणता खेळ खेळतो, हे विचारावे. पन्नास वर्षांत मंदिरे उभी राहिली, धर्मशाळा उभ्या राहिल्या. मागील रांगेतले ते मूल टोपी काढून पुढच्या रांगेत येऊन बसले, तर त्या वास्तूंचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र!