सात दिवसांत पाच तमाशे

कानात इअरफोन घालून एसटीत बसलेल्या, शेतात पाणी धरणाऱ्या, लायब्ररीत लपून ऐकणाऱ्या सगळ्यांना बेल्ह्यावरनं रामराम. आज बोलायचंय लाइव्ह म्युझिकवर. पुण्यातल्या स्टेडियममधल्या कॉन्सर्टचं तिकीट आपल्याला परवडत नाही, ठीक आहे. पण चैत्रात आपल्या जुन्नर-आंबेगावात रोज कुठल्या ना कुठल्या गावाची जत्रा असते, आणि जत्रा म्हटलं की तमाशा. स्टेज, लाइट, ढोलकी, पंचवीस-तीस कलाकार, आणि तिकीट शून्य, कारण सुपारी गावानं दिलेली असते.

गेल्या चैत्रात मी एका आठवड्यात पाच बघितले. मुलगी असून. हे मुद्दाम सांगतेय, कारण घरात पहिला प्रश्न तोच आला, "पोरीबाळींनी तमाशाला जायचं असतं का?" उत्तर माझ्या आत्यानं दिलं, "मी येते तिच्यासंगं." विषय संपला.

सोमवारी आमचा बेल्ह्याचा बाजार. बैल बघायला आलेले पाहुणे संध्याकाळी शेजारच्या जत्रेला निघतात, त्यांच्याच मागं आम्ही. पहिल्या रात्री मला तमाशाचा क्रम कळला. आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा दोस्त पेंद्या, आणि पुरुषानं लुगडं नेसून केलेली मावशी. मावशी बोलायला लागली की आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. पुढं बतावणी, रंगबाजी, आणि शेवटी वग, म्हणजे अख्खं नाटक.

मंगळवारी घरी झोप. बुधवारी दुसरं गाव, आणि गुरुवारी पहाटेच उठून तिथंच हजेरी. हजेरी म्हणजे रात्री नाचलेले तेच कलाकार सकाळी उन्हात पुन्हा उभे राहतात. मेकअप फिका, लाइट नाही, समोर फेटेवाले म्हातारे. हलगी आणि तुणतुणं इतकं स्वच्छ ऐकू येतं ना, की रात्रीच्या डीजे-छाप आवाजात आपण काय गमावतो ते तिथं कळतं. संगीत ऐकायचं असेल तर हजेरी चुकवू नका.

शुक्रवारी मात्र डोकं फिरलं. रंगबाजीत सिनेमाची गाणी सुरू झाली, पोरं पुढं घुसली, शंभरेक मोबाइल वर. एक गाणं झालं की "वन्स मोअर". गवळण आधीच उरकलेली. असं करता करता बारा वाजायला आले आणि वग सुरू होऊन वीस मिनिटांत बंद. कारण नियम आहे: रात्री १० नंतर भोंगा बंद, हा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा कायदा. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. नियम चुकीचा नाही, गावात आजारी माणसं असतात, परीक्षेची पोरं असतात. पण एकेकाळी उजाडेपर्यंत चालणारा खेळ दोन-तीन तासांत बसवायचा म्हटल्यावर कात्री कुठं लागते? वगाला. आणि वग गेला की सोंगाड्या गेला, पल्लेदार संवाद गेले, राहिली फक्त गाणी. मग आपणच म्हणायचं, तमाशात आता काय राहिलंय!

खेळ सुटल्यावर कनातीमागं आत्या एका वयस्कर कलावंत बाईंशी बोलत बसली. मी विचारलं, "मावशी, वग अर्धा राहिला, वाईट नाही वाटत?" त्या घुंगरं सोडत म्हणाल्या, "बाळा, पाठ केलेला वग पोटात राहिला की झोप लागत नाही बघ." मग म्हणाल्या, "तू मागनं टाळ्या वाजवत होतीस ना? दिसलीस मला. बायका बसल्या की आम्हाला जोर येतो."

शनिवारी नारायणगावला गेलो. तिथं बारी नाही, राहुट्या बघायच्या होत्या. हंगामात फडमालक तिथं राहुट्या टाकतात, आणि गुढीपाडव्याच्या आसपास गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या ठरवतात. फडमालक कर्ज काढतो, कलाकार आधी उचल घेतात, आणि हे सगळं फिटतं ते चैत्र-वैशाखाच्या जत्रांवर. आता आठवा: २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशभरचा लॉकडाउन त्याच दिवशी सुरू झाला. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला, आणि दुसऱ्या दिवशी रात्री राज्यात कडक निर्बंध. लागोपाठ दोन हंगाम! उचल घेतलेल्या माणसानं काय खाल्लं असेल?

हे नारायणगाव विठाबाईंचं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. पोटुशी असताना बोर्डावर उभ्या राहिल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, ही त्यांची गोष्ट आजही सांगितली जाते. राष्ट्रपतींच्या हातून गौरव झाला, तरी शेवटची वर्षं हलाखीत गेली. २००२ मध्ये त्या गेल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्कार चांगलाच, पण कलाकाराला जगवतं ते समोर बसलेलं पब्लिक.

रविवारी पाचवी बारी. त्या गावच्या यात्रा कमिटीनं आधीच माइकवर सांगितलं, गाणी चारच, वग पूर्ण होणार. बायकांना बसायला वेगळी, उजेडातली जागा. झाला की वग पूर्ण, पावणेबारालाच!

म्हणजे जमतं. तुमच्यातले कितीतरी जण आपापल्या गावच्या कमिटीत आहेत. सुपारी ठरवतानाच एवढं बोलून घ्या: खेळ वेळेत सुरू, गाणी मोजून, वग पूर्ण. रील तीस सेकंदांचं काढा, हरकत नाही, पण मग मोबाइल खिशात ठेवा आणि बसा. आणि येताना आई-बहिणीला घेऊन या.

तुमच्या गावची जत्रा कधी आहे ते मला व्हॉइस नोट करून कळवा. मी आणि आत्या तयार आहोत. भेटू पुढच्या भागात!