मुलांची शुद्धलेखन-स्पर्धा



यंदा मंडळाने मुलांसाठी शुद्धलेखनाची स्पर्धा ठेवायचे ठरवले आहे. मी सातवी शिकलेली बाई. पण घरात मुलांना शुद्धलेखन इतकी वर्षे मीच घालत आले, तेवढ्या अधिकारावर चार शब्द बोलते.

अमेरिकेत अशी मोठी स्पर्धा १९२५ साली सुरू झाली. तिथे मुलाला मंचावर उभे करून इंग्रजी शब्द सांगतात आणि त्याने एकेक अक्षर तोंडी म्हणायचे. २०१९ साली एकदम आठ मुले विजयी ठरली. त्यांतली सात भारतीय वंशाची, आणि त्यांत सोहम सुखटणकर हे आपल्या ओळखीच्या आडनावाचेही एक! मुलांना अडवतील असे शब्दच संपत आले होते म्हणे.

इंग्रजीत बोलायचे एक आणि लिहायचे भलतेच, म्हणून पाठांतर फार. आपल्याकडे साहित्य महामंडळाने १९६२ साली १४ नियम केले, १९७२ साली आणखी ४ घातले. ते घरच्या शब्दांवरून मुलांना चटकन कळतात. एकटी 'सून' असली की 'सू' दीर्घ, 'सुनेला' म्हटले की ऱ्हस्व. 'मीठ' आणि 'मिठात', 'फूल' आणि 'फुलाला' तसेच. (प्रत्यय लागला की सून अंग चोरते, असे मी मुलीला सांगितले, तेव्हापासून ती चुकत नाही.)

पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. मागे एका स्पर्धेत वाडीवरच्या एका मुलाने 'पाणी' अगदी बरोबर लिहिले होते. वाचून दाखवताना मात्र घरच्यासारखे 'पानी' म्हणाला, तर तपासणारेच हसले. तो पोरगा पुन्हा कुठल्या स्पर्धेत उतरला नाही. अहो, तपासायचे होते ते लिहिणे. बोलणे कोणी विचारले होते? शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याची आज्ञा काढली, ती अशाच घरांतली पोरे शाळेत यावीत म्हणून ना?

तेव्हा आपल्या स्पर्धेत कोणाला मंचावर उभे करू नये. सगळ्यांनी कागदावर लिहावे. उतारा सावकाश, दोनदा वाचावा. वाचणाऱ्या बाईंनी 'न' आणि 'ण' नीट वेगळे उच्चारावेत. चुकलेल्या शब्दाशेजारी नियम लिहून कागद मुलाला परत द्यावा, नुसता तांबड्या शाईने रंगवून नव्हे. कागद तपासायला मी बसेन. आणखी तिघी-चौघी लागतील, त्यांनी आपली नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.