पाण्याचीही वही ठेवूया

(प्रभागसंघाच्या सभेत एका ताईंनी केलेले भाषण)



आपल्या पंचसूत्रीतलं शेवटचं सूत्र कोणतं? नियमित लेखे. गटाच्या वहीत आपण जमा, खर्च, शिल्लक लिहितो. गावच्या तलावाचीही अशीच वही ठेवता येते, आणि ती वेळेला जीव वाचवते, एवढंच मला आज सांगायचंय.

सप्टेंबर 2025 मध्ये पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे काय झालं ते तुम्ही पाहिलंय. आमच्याकडे त्या रात्री दहाला पाऊस थांबला. "सुटलो बाई," म्हणून सगळे झोपले. पण पाझर तलाव चढतच होता, कारण डोंगरावरचं पाणी ओढ्यानं खाली यायला वेळ लागतो. एकच्या सुमारास सांडव्याचं पाणी ओढ्याकाठच्या गोठ्यात शिरलं. एका वहिनींच्या चार शेळ्या दाव्यालाच गेल्या. कुणी तलावाकडे बघितलं असतं, तर दावी सोडायला भरपूर वेळ होता.

आता आम्ही सांडव्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं फुटाच्या आणि इंचाच्या खुणा केल्यात. पावसाळ्यात रोज सकाळी पातळी लिहायची. जोराचा पाऊस झाला, की थांबल्यावरही दर तासाला लिहायची. एका तासात किती चढलं आणि सांडव्याला किती उरलं, यावरून वेळ कळते. तासाला 4 इंच चढतंय आणि 1 फूट उरलंय, तर हातात तीनच तास.

आधी अंदाजही बांधता येतो. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. समजा, 100 हेक्टरचं पाणी तलावात येतं आणि 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर 10 कोटी लिटर पडलं. निम्मं जमिनीत मुरलं, तर 5 कोटी लिटर तलावात येईल. तलावाचं पाणी 5 हेक्टरवर पसरलेलं असेल, तर पातळी साधारण 1 मीटर चढेल. पण जमीन आधीच भिजलेली असली, तर मुरतं कमी आणि वाहतं जास्त. म्हणून तोच पाऊस जूनमध्ये मानवतो आणि सप्टेंबरमध्ये घात करतो.

मोठ्या धरणावरही हाच हिशेब असतो. जायकवाडीत नाशिककडून गोदावरीचं, भंडारदऱ्याकडून प्रवरेचं आणि मुळा धरणाचं पाणी येतं. वरून किती येतंय, धरणात किती आहे, ते बघून दारं किती उघडायची ते ठरतं. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस तिथून 3 लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं. एवढं पाणी दिवसभर चाललं, तर 26 टीएमसी होतं, म्हणजे आपलं अख्खं मुळा धरण! हिवरे बाजारनं तर दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. त्यांनी दुष्काळासाठी केलं, आपण पुरासाठीही करू.

मात्र काही गोष्टी पाळा. रात्री एकटीनं जायचं नाही. ओल्या भरावावर चढायचं नाही, वाहत्या सांडव्यात पाय घालायचा नाही. खुणा लांबून बॅटरीनं दिसतील एवढ्या मोठ्या काढा. भरावाच्या पायथ्याशी गढूळ पाणी झिरपताना दिसलं, तर आतली माती वाहतेय असं समजा. मग वही बाजूला ठेवून आधी खालच्या वस्तीला उठवा, सरपंचांना आणि पोलीस पाटलांना कळवा, 1077 ला फोन करा.

पुढच्या बैठकीत प्रत्येक ग्रामसंघानं दोन जणींची नावं ठरवावीत. वही दहा-वीस रुपयांची आहे. शेळ्या गेलेल्या त्या वहिनींनी आमच्या गावात पहिलं नाव स्वतःचंच दिलं.