जुन्या बंदुकीची नवी कळ
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



या व्यासपीठावरून विद्या, उद्योग, आरोग्य अशा उपयुक्त विषयांवर व्याख्याने होत आली आहेत. त्या मानाने आमचा विषय अंमळ विक्षिप्त आहे. जुन्या लष्करी बंदुका आणि त्यांत बेमालूम बसविलेले बनावट भाग यांविषयी आम्ही बोलणार आहोत. मात्र आपल्यापैकी काही घरांच्या ओटीवर ठासणीची बंदूक अजून टांगलेली आम्ही स्वतः पाहिली आहे, आणि ती हौसेने विकत घेणारेही आपल्यात आहेत. म्हणून कार्यवाहांचा आग्रह आम्हांस मोडवला नाही.

आरंभ आमच्या थोरल्या मावसबंधूंपासून करतो. ते समोर बसले आहेत आणि त्यांची अनुज्ञा घेतलेली आहे. सेवानिवृत्तीच्या रकमेतून त्यांनी एका विक्रेत्याकडून ‘सत्तावन्नच्या समरातील, खास कंपनी सरकारची’ म्हणून एक बंदूक घेतली. कागदपत्र सारे रीतसर होते. अस्सल नव्हती ती बंदूकच. वास्तुशांतीच्या दिवशी दिवाणखान्यात ती पाहताच आमच्या ध्यानात आले. परंतु घरात आनंद होता, पंगत बसत होती, आणि आम्ही गप्प राहिलो. ते मौन एक वर्ष टिकले. त्या वर्षात दादांनी त्याच विक्रेत्याकडून दुसरी बंदूक घेतली. त्या दुसऱ्या खरेदीचा दोष आम्ही आमच्याच पदरी घेतो.

आता ध्यानात काय आले ते सांगतो. अशा बंदुकीचे मुख्य भाग तीन: नळी, लाकडी दस्ता आणि कळ. कळ म्हणजे घोडा, कमानी व त्या जिच्यावर बसविल्या जातात ती लोखंडी पट्टी. साल, शिक्का, कारखान्याचे नाव हे बहुधा या पट्टीवर असते, आणि एकदोन स्क्रू काढले की ती सुटते. बनावट करणाराचा हात म्हणून प्रथम तिच्यावरच पडतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर पूर्वी हृदयाकृती चिन्ह असे. त्याचे चौकोन पाडून त्यांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरे घालीत. पुढे १८०८ च्या सुमारास त्या जागी मागच्या पायांवर उभा राहून पंजांत मुकुट धरणारा सिंह आला. मुकुट आणि त्याखाली व्ही आर ही राणीच्या फौजेची खूण. दादांची बंदूक म्हणे कंपनीची. पट्टीवर मात्र मुकुट व व्ही आर! शिवाय ‘एनफील्ड’ या इंग्रजी नावातील एन उलटा होता.

हा उलटा एन पेशावर-कोहाट रस्त्यावरील दर्रा आदमखेल या गावाच्या कामात पुष्कळ आढळतो. तेथील कारागीर हाताने संपूर्ण बंदूक घडवीत आले आहेत; हात विलक्षण, पण अक्षर न वाचता नुसते त्याचे चित्र काढलेले. व्हिक्टोरिया राणी १९०१ च्या जानेवारीत वारली. तिच्या अक्षरांखाली त्यानंतरचे साल कोरलेल्या मार्टिनी-हेन्रीही त्या बाजूने आलेल्या आहेत.

अशा चुका सापडणे सोपे. कठीण प्रकरण ओतीव पट्टीचे. अस्सल पट्टीचा साचा घेऊन ओतलेली असल्याने तिच्यावरील शब्द बिनचूक असतात. मग भिंग घ्यावे. ठशाने उमटविलेल्या वा कोरलेल्या अक्षराच्या कडा आणि तळ स्पष्ट असतात. ओतीव अक्षर चोखलेल्या खडीसाखरेसारखे गुळगुळीत, आणि पृष्ठावर बारीक खड्डे. धातू निवताना आकसतो, म्हणून नक्कल मूळ पट्टीहून किंचित लहानही भरते. मग तिच्याभोवती लाकडात फट राहते, आणि ती लाख व भुसा घालून बुजविलेली असते. पट्टी काढून तिची आतली बाजू पाहू न देणारा विक्रेता असेल तर चहा घेऊन घरी यावे. शंभर वर्षे लोखंडाला चिकटलेल्या लाकडावर त्याचा काळा डाग पडलेला असतो. आम्लाने आणलेला गंज नारिंगी, सर्वत्र सारखा, स्क्रूच्या खाचेतसुद्धा. खरा गंज तपकिरी-काळा, आणि जेथे हात लागत आला तेथे झिजून उजळलेला.

दादांची दुसरी बंदूक अधिक दुःखाची. नळी अस्सल, लाकूड अस्सल. कळ तेवढी नवी, तिच्यावर १८५७. नळीच्या आत आटे नव्हते आणि नेम धरण्याची मागची खूण साधी, न हलणारी होती. हा नमुना १८५८ चा. उठावानंतर हिंदी पलटणींच्या हाती आट्यांच्या रायफली द्यावयाच्या नाहीत म्हणून तो काढला. म्हणजे त्या बंदुकीचा खरा इतिहास तिच्या खोट्या सालाहून बोलका होता, आणि तिची मूळ कळ कोणीतरी भंगारात टाकली.

देवनागरी आकड्यांनीही फसू नये. त्यांवरून ‘पेशवाई’ असा निष्कर्ष आपण उत्साहाने काढतो. नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातील असंख्य बंदुका २००३ साली विकल्या गेल्या. त्यांवरील खुणा देवनागरीच आहेत, आणि साल असेल तर ते विक्रम संवताचे. त्यातून ५७ वजा करावे; शक समजून ७८ मिळवू नयेत.

घरची बंदूक घासू नये हेही सांगतो. वयाच्या सोळाव्या वर्षी आम्ही आजोबांच्या बंदुकीला चिंच व विटकर लावून तिच्यावरचा सिंह आमच्या हातांनी पुसला आहे. खाली काढताना आत बार भरलेला नाही ना हे आधी जाणत्याकडून पाहवून घ्यावे. काठी आत घालून तिची खोली नळीच्या बाहेरील लांबीशी ताडता येते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमात निरुपयोगी पुराण शस्त्रांना सूट आहे, परंतु जे दुरुस्त होऊनही चालणार नाही त्यालाच. आपले शस्त्र त्यात बसते की नाही हे पोलीस ठाण्यात विचारावे.

वर्षानंतर आम्ही दादांना सारे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वास्तुशांतीलाच सांगितले असतेस, तर जेवण गेले नसते एवढेच.” पहिल्या बंदुकीची पट्टी त्यांनी उतरवून आज येथे आणली आहे, ती मागील मेजावर ठेवली आहे. तिच्यातील दोन दोष आम्ही सांगितले. तिसरा दादांच्या नातीने शोधला, तो तिने कोणास सांगू नये असे ठरले आहे.