लेथ नको, आधी कानस घ्या

कोल्हापुरातून बोलतोय. दिवसभर मी कोड लिहितो आणि संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड घासत बसतो. "भावा, असलं वर्कशॉप उभं करायला किती खर्च येतो?" हा मेसेज इतक्यांदा आलाय, की आज त्यावरच बोलू.

माझं उत्तर : दहा हजारांत बसवा. नियम एकच. हाताने होणारं काम घरी, मशीनवरचं काम बाहेर.

व्हिडिओत दिसणाऱ्या परदेशी गॅरेजमध्ये लेथ असतो, म्हणून आपल्यालाही तो हवासा वाटतो. पण आपल्याकडे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे, पुण्यात भोसरी आहे, नाशकात अंबड-सातपूर आहे. कागदावर नीट मापं टाकून नेलीत तर टर्नर तुमचा एखादा शाफ्ट किंवा बुश करून देतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर विकत घेऊ नका, लागेल तेवढा भाड्याने वापरा.

आता हिशोब. भाव शहराप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील. चार इंची बेंच वाइसला अडीच हजार. जुना घेत असाल तर स्क्रूचे आटे बघा, जबडे हलवून बघा. बिडाच्या अंगावर वेल्डिंगचा डाग दिसला तर तो वाइस तिथंच ठेवा. भंगारातल्या अँगलचं टेबल दीड हजारात होतं. उभं राहिल्यावर वाइसचा वरचा काठ तुमच्या कोपराच्या उंचीला आला पाहिजे, नाहीतर पाठ बोलायला लागते.

चार कानशी हजार रुपयांत : दहा इंची रफ, आठ इंची स्मूथ, एक अर्धगोल, एक गोल. हॅक्सॉ आणि ब्लेड पाचशे. ब्लेडचे दात पुढच्या बाजूला हवेत. साध्या कामाला इंचाला 24 दातांचं ब्लेड, पातळ पत्र्याला 32 चं. गुण्या, स्टीलची पट्टी, व्हर्नियर, सेंटर पंच मिळून दीड हजार. हँड ड्रिल अडीच हजार. झाले साडेनऊ.

उरलेले पाचशे गॉगल आणि कानातल्या प्लगचे. प्रत्यक्षात खरेदी इथूनच सुरू करा. मी ज्यांच्याकडे टर्निंगला जातो, त्या मिस्त्रीकाकांना डाव्या डोळ्याने अंधुक दिसतं. ग्राइंडरची ठिणगी, वीस वर्षांपूर्वीची. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं ड्रॉइंग बाजूला ठेवलं आणि विचारलं, "गॉगल हाय का घरात?" मग म्हणाले, "मशीन परत घेता येतंय बाळ, डोळा न्हाई."

ग्राइंडर पुढच्या महिन्यात घ्या, पण त्याचा गार्ड कधीच काढू नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. चाक फुटलं तर तुकडे कुठं जातील ते कुणाच्या हातात नसतं. नुसत्या गॉगलवर भागवू नका, वरून फेस शील्ड घाला. ड्रिल चालवताना हातमोजे नकोत, फिरणारा बिट कापडासकट बोटं ओढून घेतो. अंगावर सुती कपडे हवेत, नायलॉन ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं.

वेल्डिंग त्याच्याही नंतर. अडीच मिलिमीटरच्या रॉडला 70 ते 90 अँपिअर लागतात. छोटं इन्व्हर्टर मशीन 16 अँपिअरच्या सॉकेटवर तेवढं काम करतं, पण आधी वायरमनकडून वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या. आणि जीआय पाइप तसाच वेल्ड करू नका. त्यावरच्या जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

हे सगळं जमवल्यावर पहिलं काम काय? भंगारवाल्याकडून सहा मिलिमीटर जाडीच्या प्लेटचा तुकडा आणा आणि त्याचा 50 बाय 50 चा चौकोन घासा. कानस पुढे ढकलतानाच कापते, मागे घेताना दाब सोडा. कडेला गुण्या लावून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड आला की परत घासा. आयटीआयच्या फिटरलाही सुरुवातीला कानसच मारायला शिकवतात. आपल्यासारख्या कीबोर्डवाल्यांना तर हे हवंच, कारण इथं अनडू नाही. जास्त घासलं गेलं ते गेलं.

चौकोन झाला की फोटो पाठवा. गुण्या लावलेला हं, नुसता चकाचक नको! पुढच्या भागात टॅप-डायने आटे कसे पाडायचे ते बघू. तोवर काळजी घ्या, आणि गॉगल घाला.