टिकाव-घमेल्याची शाळा





अकोले तालुक्याचा डोंगरपट्टा सोडला, तर आमचा अहिल्यानगर जिल्हा अवर्षणाचा. त्यामुळे इथल्या माणसाला पाण्यासाठी जमीन घडवावीच लागली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या अहिल्यानगर शहराला निजामशाहीत खापरी नळांनी पाणी आलं आणि तळ्याच्या मधोमध फराहबाग महाल उभा राहिला. याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या लेकीने, अहिल्यादेवींनी, देशभर विहिरी, बारवा आणि घाट बांधले. आमच्या काळात राळेगणसिद्धी, हिवरे बाजार आणि संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीने ओसाड माळरानं पुन्हा हिरवी केली. आज या गावांत लांबलांबून लोक शिकायला येतात.

तिथे शिकायचं काय? सलग समतल चराचंच बघा. सारख्या लांबीच्या दोन काठ्यांची ए-फ्रेम, मध्ये आडवी पट्टी आणि दोरीला टांगलेला दगड. दोरी पट्टीवरच्या मधल्या खुणेवर आली, की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्की टाकायची आणि पुढे सरकायचं. चर खणताना माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची आणि त्या बांधावर गवत लावायचं. पातळी थोडी जरी चुकली, तरी पाणी सखल टोकाला धावतं आणि तिथेच बांध फोडतं. घळीतल्या दगडी बांधाचा मधला भाग खोलगट ठेवला नाही, तर पाणी काठ कापून बाजूने निघून जातं. हे पुस्तकातही लिहिलेलं असतं. पण ज्याने ते दगड स्वतः रचलेत, तो आयुष्यभर विसरत नाही.

माथा ते पायथा हा क्रमही असाच अंगवळणी पडतो. वरचा डोंगर तसाच ठेवून खाली बांध घातला, तर तो गाळानेच भरतो.

आणि चर कोणाच्या तरी शेतातून जातोच. म्हणून नकाशाआधी माणसं जोडावी लागतात. हिवरे बाजारात श्रमदानाबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आली, दरवर्षीच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जाऊ लागला. बांधकाम संपल्यावरची ही राखण हाही रचनेचाच भाग आहे.

मित्रहो, आपल्या महाविद्यालयांत भूरचना अजून बरीचशी कागदावरच शिकवली जाते. विद्यार्थ्याने निदान एक उन्हाळा शिवारात राबावं आणि पावसाळ्यात स्वतःचं काम तपासायला परत यावं. या कामाला परीक्षेइतकेच गुण मिळावेत. ज्या गवंड्यांकडून, शेतमजूर मायमाउल्यांकडून तो शिकेल, त्यांना शिक्षकाचा मान आणि मानधन मिळावं. आपल्या या परिषदेने तसा ठराव करावा, अशी स्वागत समितीच्या वतीने माझी आग्रहाची विनंती आहे. शिवारफेरीसाठी टिकाव, फावडी, घमेली आम्ही सज्ज ठेवली आहेत. सर्वांनी जरूर हात लावावा.